फेल्डशरला विचारलं का?
मंगोलियातल्या आरोग्यसंस्थांनी हातात हात घालून काम करावं, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण खरी मेख गावपातळीवर आहे. तिथे 'बाग' या सगळ्यात लहान वस्तीगटाला डॉक्टर नसतो, फेल्डशर म्हणजे डॉक्टरपेक्षा कमी प्रशिक्षण घेतलेला आरोग्यसेवक असतो. हा माणूस मोटरसायकलवरून, कधी घोड्यावरून, एका गेरमधून, म्हणजे गुराख्यांच्या गोल तंबूतून, दुसऱ्या गेरमध्ये जातो. गुराखी कुटुंबं ऋतूप्रमाणे हलणार, म्हणजे रुग्णाचा पत्ताच बदलतो! यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेला हा देश. २०१७ पासून सरकारने या कर्करोगामागचं मोठं कारण असलेल्या हेपटायटिस बी आणि सी या यकृताच्या संसर्गांच्या तपासण्या मोठ्या प्रमाणावर केल्या, ते उत्तमच. मात्र प्रत्येक संस्था आपापली वही घेऊन आली, तर त्या फेल्डशरने एकाच आजीबाईंची माहिती किती वेळा भरायची? यंत्रं नंतर द्या, आधी नोंदवही एक करा.