बीडची डेमू आणि जर्मनीची लिंट : परळीच्या वाचकांच्या आक्षेपांना उत्तर

परळीहून लिहिणारे वाचक महोदय,

स.न.वि.वि. ‘लिंट’ या जर्मन डिझेल गाडीवरील माझ्या मागील लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. ज्यांनी तो लेख किंवा आपली प्रतिक्रिया वाचलेली नाही, त्यांच्यासाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडतो. सगळीकडे विजेच्या तारा ओढल्या जात असताना डिझेल गाडीचे गुणगान करणे कालबाह्य आहे. डेमू, म्हणजे वेगळे इंजिन न जोडता डब्यातल्याच डिझेल इंजिनावर चालणारी गाडी, ही धूर सोडणारी, रखडणारी असून ती मराठवाड्याच्या माथी मारली जाते. अहिल्यानगर–आष्टी डेमूला लागलेल्या आगीचा लेखात उल्लेखही नाही. आणि आपल्या भागाला हवी आहे ती वंदे भारत, जर्मनीतल्या आडवळणी मार्गांवरची दोन डब्यांची गाडी नव्हे, असे आपण लिहिले आहे. यांपैकी काही मुद्द्यांशी मी सहमत आहे, हे पुढे दिसेलच. मात्र गाडी कोणत्या इंधनावर चालते आणि तिची रचना कशी आहे, या दोन वेगळ्या गोष्टींची आपल्या प्रतिक्रियेत सरमिसळ झाली आहे, आणि माझा मूळ लेख रचनेबद्दल होता.

वंदे भारतपासूनच सुरुवात करू. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत आठ डब्यांसह सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. या गाडीला पुढे वेगळे इंजिन जोडावे लागत नाही. ओढण्याच्या मोटारी डब्यांच्याच चाकांवर असतात आणि दोन्ही टोकांना चालकाच्या केबिन असतात. डेमूचे तत्त्व नेमके हेच आहे. तिच्या टोकाच्या मोटारडब्यात केबिनच्या मागे डिझेल इंजिन असते, ते अल्टरनेटर फिरवते आणि त्यातून निर्माण होणारी वीज चाकांजवळच्या ट्रॅक्शन मोटारींना मिळते. मेमूमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या तशाच गाडीत, हीच वीज वरच्या २५ केव्हीच्या (२५ हजार व्होल्टच्या) तारेतून घेतली जाते. म्हणजे डेमूची चाकेही शेवटी विजेनेच फिरतात, फक्त वीजघर गाडीच्या अंगावर असते. वंदे भारत हवी आणि डेमू नको असे म्हणताना आपण एकाच कुळातल्या दोन गाड्यांपैकी एक निवडत आहात. वेग, आराम आणि भाडे यांचा फरक मोठा आहे, तो मी नाकारत नाही.

या कुळाचा लाभ कुठे होतो, हे कुठल्याही शेवटच्या स्थानकावर उभे राहून पाहावे. इंजिनाने ओढलेली पॅसेंजर तिथे पोचली की कपलिंग सोडायचे, हवेचे पाइप सुटे करायचे, इंजिन पुढे नेऊन शेजारच्या मार्गाने गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणायचे, पुन्हा कपलिंग, पुन्हा पाइप, मग शेवटच्या डब्यापर्यंत हवेचा दाब पोचला की नाही हे पाहून ब्रेकची चाचणी. यासाठी मोकळा मार्ग लागतो, शंटिंगची माणसे लागतात आणि वेळ तर जातोच. डेमू किंवा मेमू आली की लोको पायलट आपली बॅग उचलतो, फलाटावरून चालत दुसऱ्या केबिनमध्ये जातो आणि गार्ड उलट्या टोकाला येतो. साडेतीन हजारांच्या जवळपास अश्वशक्तीचे इंजिन पाच-सहा डब्यांच्या पॅसेंजरला जुंपणे म्हणजे चार माणसांच्या स्वयंपाकाला लग्नघरची कढई चढवणे. एवढे सामर्थ्य मालगाडीला हवे असते, मानवत रोड ते पूर्णा जाणाऱ्या विद्यार्थ्याला नव्हे.

डेमू भारतीय रेल्वेवर १९९४ मध्ये, पंजाबातील जालंधर–होशियारपूर मार्गावर आली. सुरुवातीच्या मोटारडब्यांची शक्ती ७०० अश्वशक्ती होती, नंतर चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने १,४०० आणि त्यानंतर १,६०० अश्वशक्तीचे मोटारडबे तयार केले. नांदेड विभागातील वाचकांना जालना–नगरसोल डेमू परिचयाची आहेच. पण आपल्याकडील डेमूत मोटारडब्याचा मोठा भाग इंजिनघर खाते, आणि त्याला लागून बसणाऱ्या प्रवाशाला गंगाखेड येईपर्यंत शेजाऱ्याशी बोलायचे तर ओरडावे लागते, हा आपला अनुभव खराच आहे. लिंटविषयी लिहिण्याचे एक कारण तेच होते.

‘लिंट’ ही जर्मनीतील झाल्झगिटर येथील कारखान्यात तयार झालेली गाडी, मूळची लिंके-हॉफमन-बुश या कंपनीची आणि पुढे आल्स्टॉमची. तिच्या ‘लिंट ४१’ या प्रकारात दोन डबे असतात, ते मधल्या एकाच बोगीवर (चाकांच्या चौकटीवर) टेकतात, म्हणून दोन डब्यांना चारऐवजी तीन बोगी पुरतात. प्रत्येकी ३१५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४३० अश्वशक्तीची दोन इंजिने फरशीखाली बसवलेली असतात आणि ती चाकांना शक्ती गिअरबॉक्समधून देतात, आपल्या डेमूप्रमाणे जनित्रामार्गे नाही. इंजिने खाली गेल्यामुळे वरची जागा प्रवाशांना मिळते, दारापाशी फरशी खालची राहते आणि लहान फलाटावरून म्हाताऱ्या माणसालाही एका पावलात आत जाता येते. वजनाच्या मानाने शक्ती भरपूर असल्याने थांबा सोडताच गाडी वेग घेते; ताशी १२० किलोमीटर हा तिचा कमाल वेग जवळजवळ थांबे असलेल्या मार्गांवर त्यामुळेच उपयोगी पडतो.

ही गाडी जशीच्या तशी विकत आणून मुदखेडला उतरवावी, असे मी कुठेही म्हटलेले नाही आणि ते शक्यही नाही. तिथला रूळमार्ग १,४३५ मिलिमीटरचा, आपला १,६७६ मिलिमीटरचा; शिवाय सणासुदीला दारात लटकणाऱ्या गर्दीचा हिशेब त्या गाडीच्या आराखड्यात नाही. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. लिंटच्या टोकाला शार्फेनबर्ग पद्धतीची जोडणी असते, जी दोन संच एकमेकांना टेकताच यांत्रिक, हवेची आणि विजेची अशा तिन्ही जोडण्या एकाच वेळी करते. म्हणून दोन फाट्यांवरून आलेल्या गाड्या जंक्शनवर जोडून पुढे एकच गाडी म्हणून नेता येतात. आपल्या नकाशावर पाहायचे तर वसमतकडून आलेला एक संच आणि गंगाखेड–परभणीकडून आलेला दुसरा, हे पूर्ण्याला जोडून नांदेडला एकाच गाडीच्या जागेत नेता येतील आणि परतताना तिथेच सोडता येतील. परभणी–मुदखेड दुहेरी मार्ग झाला असला तरी परभणीच्या पश्चिमेला एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, थांबणे संपलेले नाही, हे आपल्यासारख्या नेहमीच्या प्रवाशाला सांगायला नको; जिथे गाड्यांसाठी वाट मिळत नाही तिथे एका वाटेत दोन गाड्या नेण्याचे मोल फार आहे. आपल्याकडे डेमूच्या बाबतीत ही रीत रुजली नाही, त्याला तंत्रापेक्षा वेळापत्रक आखण्याच्या सवयी अधिक जबाबदार आहेत, असे माझे मत आहे.

आता डिझेलचा मुद्दा. मनमाड–मुदखेड मुख्य मार्गावर तारा आल्या आहेत आणि तारेखाली डिझेल जाळत गाडी चालवणे अयोग्य आहे, याबाबत आपल्यात मतभेद नाही. तिथे मेमूच हवी. परंतु आपल्या परळीशी ज्याचा थेट संबंध आहे, तो मार्ग पाहा. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला, त्याच्या खर्चाचा निम्मा भार राज्य शासनाने उचलला, आणि तो तुकड्यातुकड्यांनी खुला होत गेला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीपर्यंत गाडी आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडपर्यंत आली. दोन्ही वेळा पहिली गाडी डेमूच होती. ज्या मार्गाचे टोक दर काही वर्षांनी पुढे सरकते, तिथे तारा, उपकेंद्रे आणि त्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत तयार रूळ रिकामे ठेवावेत काय? बीडच्या लोकांनी पंचवीस-तीस वर्षे वाट पाहिल्यानंतर आणखी थांबावे, असे आपणही म्हणणार नाही.

शिवाय डेमूतला डिझेलचा भाग बदलता येतो. लिंटच्याच सांगाड्यावर हायड्रोजन इंधनघट (हायड्रोजनपासून वीज तयार करणारे साधन) बसवून तयार केलेल्या ‘आयलिंट’ने सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तर जर्मनीत प्रवासी वाहतूक सुरू केली. भारतीय रेल्वेनेही हरियाणातील जिंद–सोनीपत मार्गासाठी डेमूचाच रेक (डब्यांचा संच) हायड्रोजनवर बदलण्याचा प्रकल्प हाती घेतला. हायड्रोजन स्वस्त पडेल की नाही हा स्वतंत्र वाद आहे आणि त्यात मला इथे पडायचे नाही.

आगीविषयी. ऑक्टोबर २०२३ मध्ये अहिल्यानगर–आष्टी डेमूचे पाच डबे जळाले. जीवितहानी झाली नाही. मागील लेख लिंटच्या रचनेपुरता असल्याने त्यात हा विषय नव्हता, पण डेमूचे समर्थन करणाऱ्याने तो टाळू नये, हे आपले म्हणणे रास्त आहे. डिझेल गाडीत इंधनाची टाकी, तापलेला टर्बोचार्जर, तेलाच्या नळ्या आणि विजेच्या केबल या सगळ्या गोष्टी एकमेकांच्या जवळ नांदतात, त्यामुळे धोका आहेच. त्यावरचे उपाय अपरिचित नाहीत : इंजिनघरात धूर आणि उष्णता ओळखणारी यंत्रणा, आपोआप सुटणारे अग्निशामक, आसनांसाठी सहजी न पेटणारे साहित्य, आणि या सगळ्याआधी गळणारे तेल दररोज पुसणारा माणूस. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. त्यासाठी रेकला रोज काही तास विसावा आणि त्याच्याखाली उतरून पाहता येईल अशी पिट लाइन लागते.

रखडण्याबाबत मात्र दोष डेमूच्या पदरात टाकणे मला मान्य नाही. अहिल्यानगर–बीड अंतर सुमारे १६७ किलोमीटर आहे आणि सुरुवातीच्या वेळापत्रकात त्याला साडेपाच तासांच्या आसपास वेळ दिला होता, म्हणजे सरासरी ताशी तीस किलोमीटर. या गाडीचे यंत्र ताशी शंभर किलोमीटरच्या वेगासाठी बनलेले आहे. कडा, अमळनेर, रायमोह असे थांबे धरले तरी तीस आणि शंभर यांमधले अंतर इंजिनाने खाल्लेले नाही. त्याहून वाईट बाब अशी की, त्या वेळापत्रकात रविवार सोडून रोज एकच गाडी सकाळी अहिल्यानगरहून निघते, दुपारी बीडला पोचते आणि तीच लगेच परत फिरते. बीडच्या माणसाला रुग्णालय, बाजार किंवा न्यायालयाच्या कामासाठी अहिल्यानगरला जायचे असेल तर तो संध्याकाळी पोचतो आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत त्याला परतीची गाडी नाही. अहिल्यानगरहून बीडला कामाला येणाऱ्याला तासाभराचीही उसंत मिळत नाही. ज्या गाडीचा सगळा गुण चटकन फिरून परत धावण्यात आहे, तिच्याकडून दिवसाला एकच फेरी करून घ्यायची आणि प्रवासी मिळत नाहीत म्हणायचे, हे मला अनाकलनीय वाटते. अशा वेळापत्रकावर उद्या वंदे भारत चालवली तरी लोक एसटीनेच जातील.

साडेपाच तासांच्या प्रवासात शौचालय नसलेला किंवा त्याला कुलूप असलेला रेक देऊ नये, हा आपला मुद्दा मी शब्दशः मान्य करतो. त्यात वाद घालण्यासारखे काही नाही.

आपण शेवटी विचारले आहे की, बीड–परळी टप्पा पूर्ण होईल तेव्हा मी नेमके काय मागेन. मी एक संच रात्री बीडला मुक्कामी ठेवण्याची मागणी करेन, म्हणजे तो सकाळी अहिल्यानगरकडे निघेल. दुसरा संच त्याच वेळी उलट दिशेने येईल आणि दोघे मध्ये आष्टीच्या आसपास एकमेकांना ओलांडतील. परळीपर्यंत रूळ पोचल्यावर तिसरा संच परळीहून सुटेल. त्या वेळी तारा आलेल्या असतील तर हे तिन्ही मेमू असावेत, नसतील तर डेमू, मला दोन्ही चालतील. मात्र बीडला पिट लाइन, इंधन भरण्याची सोय आणि चालक-गार्डांसाठी विश्रांतिगृह नसेल तर रेक रोज अहिल्यानगरलाच परत जाणार. आपण ज्या प्रवासी संघटनेच्या निवेदनाचा उल्लेख केला आहे, त्यात वंदे भारतच्या मागणीच्या वर या तीन ओळी घालता आल्या तर पाहावे.