आवाज चारही बाजूंनी आला आणि तरी त्रास झाला नाही

शनिवारी संध्याकाळी आपल्या सोलापुरातल्या एका छोट्या कलादालनात ध्वनीचा एक प्रयोग ऐकला. भिंतींवर एकही चित्र नाही. कडेनं आठ स्पीकर, मधे सतरंज्या आणि कोपऱ्यात लॅपटॉप, मिक्सर घेऊन बसलेली दोन तरुण मुलं. गर्दी बेताचीच होती. असे कार्यक्रम इथं वरचेवर व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलाच तुकडा यंत्रमागाचा. पूर्व भागातल्या एका कारखान्यात रेकॉर्ड केलेला. सुरुवातीला नुसती घरघर, मग डावीकडून खट् असा फटका बसला आणि आडवं सूत घेऊन ये-जा करणारा धोटा आमच्या मधून सरळ उजवीकडे गेला. परत आला. पुन्हा गेला. तेवढ्यात पाठीमागं दुसरा माग सुरू झाला, त्याची लय निराळी. माझ्या शेजारी एक काका डोळे मिटून बसले होते. सगळी हयात मागावर गेलेली. माझ्याकडे वाकून म्हणाले, "मागं चाललाय तो जकार्डचा हाय बघा, चादरीचा. पुढचा साधा." नंतर त्या मुलांना विचारलं, तर अगदी तसंच होतं! शेडमध्ये सगळे माग धडधडत असताना कुठल्या मागाचं बिनसलंय हे काका आवाजावरून सांगायचे म्हणे. असे तयार कान ज्या गावात आहेत, तिथं "हे आपल्या लोकांना कळणार नाही" असं कुणी म्हणू नये.

आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं, कारण तो एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाचा दीड हजारावा भाग. मेंदू तेवढ्यावर दिशा ओळखतो. म्हणजे माणसाला आवाजानं वेढून टाकायला छाती हादरवावी लागत नाही. आपल्याकडे मिरवणुकीत स्पीकरची भिंत उभी करतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसं आतल्या खोलीत जाऊन बसतात. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची आहे, पण ती पाळतं कोण? परवा त्या हॉलमध्ये शेजारच्याचा श्वास ऐकू येईल इतक्या हळू आवाजात अंगावर काटा आला. डीजेवाल्या पोरांनी हे एकदा ऐकावंच, ही माझी कळकळीची विनंती.

हे परदेशी खूळ आहे असंही कुणी म्हणेल. ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात १९५८ साली संगीतकार एडगर व्हारेझची रचना तीनशेहून अधिक स्पीकरमधून वाजली होती, हे खरं. पण अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेतही १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरच्या मदतीनं इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला आणि तिथं आपल्या माणसांनी काम केलं. आपल्यालाही हे काही कालपरवा कळलेलं नाही.

सगळंच आवडलं असं नाही. उत्तरार्धात नुसत्या सिंथेसायझरचा एकच घुमारा फार वेळ चालला, त्यात सोलापूर कुठंच नव्हतं. शिवाय मागच्या रांगेतल्या खुर्च्या एका भिंतीला चिकटवलेल्या होत्या. तिथं बसलेल्यांना जवळचा एकच स्पीकर ऐकू आला असणार, कारण जो आवाज आधी पोचतो तिकडंच कान ओढला जातो. पुढच्या वेळी सगळ्यांना मधे बसवा, नाहीतर फिरत ऐकू द्या.

आणि पुढचा प्रयोग सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेवर करा. नंदीध्वजांची मिरवणूक, "हर्र बोला"चा गजर, बाजारात एकाच वेळी कानावर पडणारी मराठी, कन्नड आणि तेलुगू. हे एका स्पीकरमधून कधीच नीट ऐकू येणार नाही, त्याला आठच लागतील.

मिलचे भोंगे तर आता गेलेच. कुणाच्या घरी जुन्या कॅसेटवर, लग्नाच्या व्हिडिओत मागं कुठंतरी मिलचा भोंगा किंवा हातमागाचा आवाज आलेला असेल तर कृपया टाकून देऊ नका. मला मेसेज करा, मी स्वतः येऊन कॉपी करून घेईन आणि त्या मुलांपर्यंत पोचवीन.