पुढील स्टेशन, विक्रोळी

लेक झाली त्याला आता अकरा महिने होतील. या अकरा महिन्यांत तिचं वजन, तिचं नाव आणि ती कोणावर गेली आहे या तिन्ही चौकशा मिळून जितक्या झाल्या नसतील, तितक्या वेळा मला एकच प्रश्न ऐकावा लागला आहे. "झोपते का रात्री?" विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणतो, "आमचा तर दुसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपायचा हो." ऑफिसातले साहेब, इस्त्रीवाला, बायकोची मामी, सगळ्यांची पोरं दुसऱ्या महिन्यापासून गाढ. खरं बोलला तो एकटा आमच्या सोसायटीचा वॉचमन. म्हणाला, "साहेब, रात्री तीनला तुमच्याकडे लाइट चालू असतो." म्हटलं, "तुला काय माहीत? तू तर तेव्हा झोपलेला असतोस." तो म्हणाला, "असतो की. पण पोरीचा आवाज आला की उठतो."

सुरुवातीला माझीही फसगत झाली होती. पहिलं बाळंतपण म्हणून बायको माहेरी, साताऱ्याला. मी शनिवारी जायचो, रविवारी जेवून परत. जावं तेव्हा लेक दुपट्यात गुंडाळून पाळण्यात झोपलेली. तान्ही बाळं चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतात हे मी वाचून ठेवलं होतं. म्हणजे माझ्या दुपटीहून जास्त. मी कौतुकाने म्हणालो, "किती शहाणी आहे! लोक उगाच बोंब मारतात." बायको काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. सासूबाई लगबगीने चहा ठेवायला आत गेल्या.

तिसरा महिना संपता संपता दोघी डोंबिवलीला आल्या आणि गणित उलगडलं. सतरा तास मिळतात, त्यात फसवाफसवी नाही, पण सगळे सुट्ट्या पैशांत. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं, तान्ह्याचं पन्नासेक मिनिटांचं. दर आवर्तनाच्या शेवटी आपण कूस बदलतो आणि विसरून जातो. ती कूस बदलत नाही, कारण तिला तेव्हा ती बदलता येत नव्हती. ती आम्हाला बोलवायची. १२.२०, १.३५, २.५०, ४.१०. मध्य रेल्वेने तिच्याकडून धडे घ्यावेत.

घरात खातेवाटप झालं. दूध बायकोकडे. ढेकर, डायपर आणि फेऱ्या माझ्याकडे. औषधोपचार खातं आईने न मागता घेतलं.

आईचं ठाम मत, "पोरीने दिवसरात्र उलटी केलीय." उपाय म्हणून तिने सहाण काढली आणि जायफळ उगाळायला बसली. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, गुटी नाही, जायफळ नाही, पाणीसुद्धा नाही. हे मी सांगितल्यावर आई म्हणाली, "तुला काय तुझ्या डॉक्टरीणबाईंनी वाढवलं?" सहाण मात्र परत गेली. मग मोहरीची उशी आली. आईने दुपारभर बसून शिवलेली, जुन्या मऊ सुती साडीची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला उशी नको, पाठीवर सपाट झोपवा. उशी वाया जाऊ नये म्हणून ती मला मिळाली. फेऱ्या घालून माझी मान धरलीच होती. ऑफिसच्या बॅगेत घालून नेतो, ठाणे ते दादर मानेमागे ठेवतो. लोक बघतात. बघू देत.

दृष्टही काढून झाली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या तव्यावर टाकल्या आणि कोणाला ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर होती, असं आईने जाहीर केलं. मिरच्या जुन्या असतील हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण पहाटे चारपासून जागा असलेला माणूस वाद घालत नाही.

झोपवणं तसं कोणालाही जमतं. ठेवणं जमायला तपश्चर्या लागते.

लेक खांद्यावर असते. माझा बनियन लाळेने ओला. मी तिचा हात हळूच उचलतो आणि सोडतो. टपकन पडला की झोप लागली. तरी आणखी पाच मिनिटं, कारण तिचा माझ्यावर विश्वास आहे, माझा तिच्यावर नाही. मग पाळण्याकडे प्रवास. हॉलमधली तिसरी फरशी डुगडुगते, ती ओलांडायची. दाराची बिजागरी कुरकुरते, म्हणून दार आधीच उघडं. खाली वाकायला लागलो की माझा डावा गुडघा वाजतो, कट्. एरवी कधी वाजत नाही, तेव्हाच वाजतो. आधी बूड टेकवायचं, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. आता तिच्या मानेखालून माझा हात काढायचा, एकेक बोट करून. करंगळी निघाली, अनामिका निघाली, मधलं बोट निघालं, आणि तेवढ्यात तिचे दोन्ही हात झाडाची फांदी तुटल्यासारखे फाकले. आपण पडतोय असं वाटून तान्ही बाळं अशी दचकतात. एर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली याचं वर्णन करून ठेवलं आणि या दचकण्याला त्याचंच नाव मिळालं. शंभर वर्षं झाली, उपाय कोणी काढला नाही. डोळे उघडतात. ती माझ्याकडे बघते, फर्स्ट क्लासच्या डब्यात सेकंड क्लासचा पास सापडल्यावर टीसी बघतो तसं.

परत खांदा, परत फेऱ्या.

अंगाई म्हणायची तर मला एकही धड पाठ नाही, आणि जी येते तिची चाल दुसऱ्या ओळीला बिघडते. एका रात्री तीनच्या सुमाराला डोकं पूर्ण बंद होतं आणि तोंडातून जे निघालं ते होतं, "पुढील स्टेशन, कोपर." ती गप्प झाली. मी म्हणालो, "पुढील स्टेशन, दिवा." तिने डोकं टेकवलं. मुंब्रा. कळवा. ठाणे. संथ, एका सुरात, गाडीतल्या बाईंसारखं. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग. विक्रोळीला तिचा हात टपकन पडला.

तेव्हापासून आमची रोजची स्लो लोकल सुटते. बरेचदा विक्रोळी, ताप असला की कुर्ला, सायन. दात येत होते तेव्हा एकदा भायखळा, सँडहर्स्ट रोड, मस्जिद करत सीएसएमटी गाठलं तरी बाई टक्क जाग्या. तीच गाडी उलटी फिरवून कसाऱ्याला काढली. आटगावला झोपली. सकाळी खरी ७.५२ पकडतो तेव्हा मात्र पंचाईत होते. गाडीत "पुढील स्टेशन" ऐकू आलं की माझेच डोळे मिटतात.

रात्री ती खांद्यावर असताना दुसऱ्या हातात मोबाइल असतो, ब्राइटनेस तळाला. अशा उजेडात माणूस शास्त्र वाचायला लागतो. पोटात असताना बाळ झोपेच्या बाबतीत आईचंच घड्याळ वापरतं. बाहेर आल्यावर स्वतःचं बसवायला दोन-तीन महिने जातात, तोवर अंधार आणि उजेड त्याला सारखाच. हे पटलं. पुढे वाचलं की १९५७ साली लंडनच्या बाळांचा अभ्यास झाला आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत सत्तर टक्के बाळं रात्रभर झोपू लागली होती. मला रडू आलं. मग बारीक अक्षरातली व्याख्या दिसली. रात्रभर म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत! आमच्याकडे याला रात्रभर नाही म्हणत, डुलकी म्हणतात. २०१८ साली कॅनडातल्या संशोधकांनी जरा माणुसकी दाखवली. त्यांनी पाहिलेल्या सहा महिन्यांच्या बाळांपैकी अडतीस टक्के सलग सहा तासही झोपत नव्हती. पहाटे चारला तो आकडा वाचून मला त्या अडतीस टक्क्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बापांना मिठी मारावीशी वाटली.

सकाळी मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परदेशातली असतील. तू तर दुसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपायचास."

नेमक्या तेव्हा समोरच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. चाळ पाडून बिल्डिंग झाली तरी काकू आमच्या समोरच राहिल्या आहेत. त्या दारातच थबकल्या.

"कोण? हा? अहो वहिनी, काहीतरीच काय! दीड वर्षं अख्खी चाळ जागी होती. आमचे हे गच्चीत झोपायला जायचे."

"दात येत होते तेव्हा त्याला," आई म्हणाली.

"दीड वर्षं?"

आईने विरजणाची वाटी काकूंच्या हातात दिली. काठोकाठ भरून.

साडेआठव्या महिन्यात एका रात्री मला आपोआप जाग आली. घड्याळात ४.१०. माझी वेळ. पण बोलावणं आलं नव्हतं. १२.२० ला नाही, १.३५ ला नाही, २.५० ला नाही. उठून पाहिलं तर बायको आधीच पाळण्याशी उभी, श्वास धरून. म्हणाली, "दहापासून झोपलीय रे." सहा तास दहा मिनिटं! कॅनडावाल्यांच्या कसोटीला उतरली. नीट बघावं म्हणून मी हळूच खाली वाकलो.

कट्.

त्या पहाटे गाडी कुर्ल्यापर्यंत गेली.

परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू भेटला. त्यांना मुलगा होऊन दोन महिने झालेत. शर्टाची बटणं एक घर चुकलेली, खांद्यावर वाळलेल्या दुधाचा पांढरा डाग, हातात कचऱ्याची पिशवी, आणि लिफ्ट वर चालली होती. बिचारा कचरा टाकायला निघाला होता आणि तसाच परत घरी चालला होता. त्याने माझ्याकडे आशेने पाहिलं.

"दादा, तुमची झोपते का हो रात्री?"

आदल्या रात्री मी दोनदा उठलो होतो. एकदा भांडुप, एकदा घाटकोपर.

"आमची?" मी म्हणालो. "ती तर दुसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपते."