जलद दलाला उशीर कुठे होतो?

पुण्यातल्या औंधच्या लष्करी तळावर सप्टेंबर २०१८ मध्ये बिमस्टेकच्या, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या संघटनेच्या, सदस्यांचा संयुक्त लष्करी सराव भरला, तेव्हा नेपाळच्या सरकारने ऐनवेळी सहभाग नाकारला. अनेक देशांनी मिळून उभारायच्या, संकटात तातडीने धावून जाणाऱ्या 'जलद प्रतिसाद दला'ची चर्चा निघाली की मला तो प्रसंग आधी आठवतो, कारण अशा दलाचा वेळ जातो तो छावणीत नव्हे तर राजधानीत, असे माझे ठाम मत आहे.

युरोपीय संघाचेच पाहा. प्रत्येकी सुमारे १,५०० सैनिकांचे त्यांचे 'बॅटलग्रुप' (सदस्य देशांच्या लढाऊ तुकड्या) २००७ पासून पाळीपाळीने सज्ज असतात, आणि तरीही त्यांतला एकही आजवर मोहिमेवर गेलेला नाही. पाठवायचे तर सर्व सदस्य देशांचे एकमत हवे, शिवाय खर्चाचा मोठा वाटा ज्याची पाळी असेल त्यानेच सोसायचा. मग तो हात आखडता घेणारच. २०२२ मध्ये संघाने ५,००० सैनिकांपर्यंतचे नवे दल उभारायचे ठरवले, पण आकडा वाढवून ही गाठ सुटेल असे मला वाटत नाही.

याउलट ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवचे राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी सशस्त्र बंडाविरुद्ध भारताची मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेले आपले पॅराट्रूपर हुलहुले विमानतळावर उतरले. त्या बेटांची पुरेशी माहितीसुद्धा हाताशी नव्हती. निर्णय मात्र एकाच सरकारने घ्यायचा होता.

खडकीतले आमचे शेजारी, निवृत्त सुभेदार, शांतिसेनेतून काँगोला गेले होते. एका गावातून हाक आली, यांच्या गाड्या सुरू झाल्या, पण सोबतच्या दुसऱ्या देशाच्या तुकडीचा अधिकारी सॅटेलाइट फोन कानाला लावून आपल्या सरकारच्या परवानगीची वाट पाहत उभा होता. "अहो, इंजिनं चालू, डिझेल जळतंय, आणि आम्ही गाडीत बसून," हे सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो.

औंधलाच २०१९ आणि २०२३ मध्ये आफ्रिकी देशांबरोबर झालेल्या सरावांना 'देखावा' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वायरलेसवरचे शब्द, नकाशावरच्या खुणा, जखमीला हलवण्याची पद्धत एकत्र घोटून घेतली नाही, तर ऐन प्रसंगी माणसे दगावतात. पण सरावाच्या मैदानात त्या त्या सरकारचा निर्णय घेणारा अधिकारीही असला पाहिजे, आणि कोणत्या प्रसंगी तुकडीने न विचारता निघायचे व खर्च कोणी द्यायचा, ही दोन कलमे भारताने मित्रदेशांशी होणाऱ्या प्रत्येक संरक्षण करारात आग्रहाने लिहून घ्यावीत.