अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती पडलेल्या पुस्तकाबद्दल, दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून मीही मराठीतच लिहिते. माझं माहेर वसईचं, तेव्हा मनातलं सांगायला मलाही हीच भाषा जवळची.

तुमची तक्रार इतर वाचणाऱ्यांना कळावी म्हणून थोडक्यात मांडते. म्हापशाच्या आमच्या दुकानातून ‘कॅथलिक मुलांसाठी निर्मळ ऐतिहासिक कादंबऱ्या’ अशी चिठ्ठी लावलेला तीन पुस्तकांचा संच तुम्ही लेकीसाठी नेलात. ती अकरा वर्षांची. ‘क्वो वादिस’मधली रोमन सम्राट नीरोची मेजवानी वाचून ती गोंधळली, आणि पुढे रिंगणात ख्रिस्ती लोकांना मारतात ती प्रकरणं वाचल्यावर दोन रात्री तुमच्याजवळ येऊन झोपली. दुसऱ्या पुस्तकात पाद्रीच भित्रा दाखवलेला. तिसऱ्यावर, म्हणजे व्हिक्टर ह्युगोंच्या ‘ले मिझराब्ल’वर, तर एके काळी चर्चचीच बंदी होती असं तुम्हाला कळलं. दुकानात फोन केलात तर “सगळे हेच नेतात” एवढंच उत्तर मिळालं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, दुकान गोव्यात, मग गोव्याचं एकही पुस्तक संचात का नाही?

आधी माझी चूक. ‘क्वो वादिस’च्या दोन आवृत्त्या आमच्याकडे असतात, एक शाळकरी मुलांसाठी संक्षिप्त केलेली आणि एक पूर्ण. संचात जायला हवी होती संक्षिप्त, गेली पूर्ण. आणि ‘दहा वर्षांपुढील मुलांसाठी’ ही चिठ्ठी तर मी सबंध संचालाच लावून टाकली होती, नाताळच्या गर्दीत, एकेक पुस्तक उघडून न पाहता. मुलीच्या झोपेचं खोबरं झालं ते माझ्यामुळे. तिची आणि तुमची मी मनापासून माफी मागते. फोनवरचं उत्तरही चुकीचं होतं. सगळे नेतात म्हणून पुस्तक आपल्या मुलीला योग्य ठरत नाही, आणि हे दुकानातल्या माणसाला मी शिकवायला हवं होतं. उरलेले संच मी कपाटातून काढले आहेत. तुमचे पैसे परत मिळतील, पुस्तकं परत आणलीत तरी आणि नाही आणलीत तरी.

पण ‘अशी पुस्तकं कॅथलिक घरात शोभत नाहीत’ हे तुमचं वाक्य मला मान्य करता येत नाही. पैसे देऊन गप्प बसले तर ते मान्य केल्यासारखंच होईल.

निर्मळ म्हणजे ज्यात पाप कुठे दिसतच नाही, असा अर्थ घेतला तर बायबलसुद्धा मुलांच्या हाती देता येणार नाही. दाविदाने ऊरियाला लढाईत कसं पुढे धाडलं ते त्यात आहे. कोंबडा आरवायच्या आत पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, तेही आहे. पुस्तक निवडताना मी बघते ते हे की लेखक वाईटाला वाईट म्हणतो का, आणि त्या वाईटाची झळ कोणाला लागते ते दाखवतो का. वय हा प्रश्न त्यानंतरचा, पण तितकाच महत्त्वाचा. तिथे मी चुकले.

‘क्वो वादिस’चंच बघा. हेन्रिक सिएनकिएविच या पोलिश कॅथलिक लेखकाची ही कादंबरी पुस्तकरूपाने १८९६ साली आली, आणि १९०५ साली त्यांना नोबेल मिळालं. कथा इसवी सन ६४ च्या सुमाराची, रोम जळालं तेव्हाची. व्हिनिसियस हा तरुण सरदार लिगिया या ख्रिस्ती मुलीला एखादी वस्तू उचलून न्यावी तसा न्यायला बघतो. मेजवानीचं प्रकरण त्याचसाठी आहे: तिथे सगळं झगमगतं आणि कोणालाच दुसऱ्या माणसाची किंमत नाही. तोच व्हिनिसियस हळूहळू शिकतो की प्रेम म्हणजे मालकी नव्हे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने, आणि मी तर म्हणेन मुलाने आधी, हे वाचावं. मला स्वतःला या पुस्तकात खरी काळजी वाटते ती वेगळ्याच जागी. नीरोचा दरबारी पेट्रोनियस, त्याचा शेवट. तो मित्रांना जेवायला बोलावतो आणि शिरा कापून घेऊन शांतपणे मरतो, आणि ते इतकं सुंदर लिहिलंय की कोवळ्या मनाला त्यात मोठेपणा वाटेल. मुलांनी ते पान वाचलं की घरात कोणीतरी त्यांच्याशी बोलायला हवं. रिंगणातलं रक्त दिसतं तरी. हे लक्षातही येत नाही.

आता तो भित्रा पाद्री. इटालियन लेखक मान्झोनींच्या ‘वाग्दत्त’ (मूळ नाव ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’) या कादंबरीतला डॉन अब्बोंदिओ. संध्याकाळी प्रार्थनेचं पुस्तक हातात घेऊन तो घरी निघालेला असतो, वाटेत तिथल्या सरदाराचे दोन गुंड धमकावतात, आणि तो रेन्झो-लुचिया या जोडप्याचं लग्न लावायचं टाळतो. तुम्ही तिथेच पुस्तक मिटलंत, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. पुढे जा, ताई. त्याच पुस्तकात फ्रा क्रिस्तोफोरो आहेत. तरुणपणी त्यांच्या हातून खून झालेला, म्हणून ते कापुचिन संन्यासी झाले. ज्या घरचा माणूस मारला त्याच घरी जाऊन त्यांनी क्षमा मागितली, आणि क्षमेची खूण म्हणून तिथून भाकर मागून आणली. तिचा उरलेला तुकडा ते आयुष्यभर जपतात आणि शेवटी या जोडप्याला देतात, तुमच्या मुलांना दाखवा म्हणून. १६३० च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता ते जातात. आणि कार्डिनल फेदेरिगो बोर्रोमेओ, म्हणजे मिलानचे खरेखुरे आर्चबिशप, संत चार्ल्स बोर्रोमेओंचे चुलतभाऊ, ते त्या भित्र्या पाद्रीला समोर बसवून विचारतात की जिवाची भीती होती हे ठीक, पण तुझ्यावर सोपवलेल्यांचं काय? ती दोन प्रकरणं मी दरवर्षी वाचते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली लग्न ठरलेल्या जोडप्यांना हीच कादंबरी वाचायला सांगितली होती. पाद्रींची चूक कधीच न दाखवणारं पुस्तक वाचून वाढलेलं मूल, पहिला चुकणारा पाद्री भेटला की चर्चच सोडून जातं. हे मी माझ्या नात्यात पाहिलं आहे. तरी यात मोंझाच्या जोगिणीची कथा आहे, आणि पुस्तक जाडजूड; अकराव्या वर्षी नकोच.

‘ले मिझराब्ल’वर बंदी होती हे खरं. १८६४ साली ते निषिद्ध पुस्तकांच्या यादीत गेलं आणि १९५९ साली बाहेर आलं. पुढे १९६६ मध्ये ती यादीच उरली नाही. पण चांदीच्या मेणबत्तीदाण्या चोराच्या हाती ठेवणारे बिशप मिरिएल ज्या पुस्तकात आहेत, ते मी माझ्या नातवापासून दूर ठेवणार नाही. त्यातल्या फांतीन या गरीब आईची दुर्दशा मोठ्या वाचकासाठी आहे, म्हणून ते पंधरानंतर.

दुकानात मी काही पुस्तकं मुद्दाम ठेवत नाही, तेही सांगते. इंग्रजी अभिजात साहित्याचे देखणे, सोनेरी कडांचे संच मिळतात. त्यात चार्ल्स किंग्सलींची १८५५ ची ‘वेस्टवर्ड हो!’ बऱ्याचदा असते. साहस भरपूर, पण जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री, दिसला की तो कपटीच. मोठ्यांनी वाचावी आणि वाद घालावा. मुलाकडे वाद घालायला अजून काही नसतं. उलट, संक्षिप्त आवृत्त्यांचंही सगळं चांगलं नाही. ‘बेन-हर’ची एक आवृत्ती मी परत पाठवली. रथांची शर्यत पूर्ण ठेवली होती, आणि नाझरेथच्या विहिरीपाशी साखळदंडातल्या बेन-हरला पाणी देणारा सुताराचा मुलगाच, म्हणजे येशूच, काढून टाकला होता. मग उरलं काय?

गोव्याचं पुस्तक का नाही, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत जास्त लागला. बाणावलीत १६५१ साली जन्मलेल्या संत जुझे वाझ यांनी डच अमलातल्या सिलोनमध्ये वेष पालटून श्रद्धावंतांना सांभाळलं. त्यांची चरित्रं आमच्याकडे आहेत, पण मुलांच्या हाती ठेवावी अशी कादंबरी अजून माझ्या हाती आलेली नाही. जुळवाजुळव केलेलं काहीतरी मी संचात घालणार नाही.

आणि कथा मुलांना का द्यायची, याचं उत्तर मला इथेच, गोव्यातल्या साष्टी तालुक्यात सापडलं. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, १५७९ साली गोव्यात आले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या सुरुवातीला एक नवख्रिस्ती माणूस पाद्रींना विचारतो, आमची जुनी पुराणं बंद झाली, आता त्या जागी आम्ही वाचायचं काय? जुनी पुस्तकं लोकांकडून कशी काढून घेतली गेली, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काय केलं, ते मी मुलांपासून लपवत नाही. पण स्टीफन्सनी त्या माणसाला गप्प बसवलं नाही. त्याच्याच भाषेत, ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण लिहिलं. ते १६१६ साली साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं, मराठीत. तुमच्या मुलीला गोष्ट हवी आहे. ती आपण दिली नाही तर ती कुठूनतरी घेईलच.

तिच्यासाठी आत्ता काय, ते सांगते. ‘हायडी’ घ्या, डोंगरावरच्या आजोबांना ती उधळ्या मुलाचा दाखला वाचून दाखवते आणि ते पुन्हा देवळाची पायरी चढतात. लेखिका प्रोटेस्टंट होत्या, त्याने बिघडत नाही. आणि कार्डिनल वाइजमन यांची १८५४ ची ‘फाबिओला’, पण तुम्ही सोबत बसून, प्रकरण प्रकरण करत. त्यात संत आग्नेस आहे, ख्रिस्तप्रसाद जिवापाड जपणारा तार्सिसियुस आहे. हौतात्म्याचे प्रसंग त्यातही येतात. ते दिवसा वाचा, रात्री नको.

यापुढे प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर मी हाताने लिहिलेली चिठ्ठी असेल: कोणत्या वयाला, आणि कोणती प्रकरणं आईवडिलांनी आधी वाचावीत. ‘क्वो वादिस’ची कालच लिहिली. मोठ्या संचातलं ते पुस्तक तुमच्या लेकीच्या नावाने वर ठेवते; ती चौदाची झाली की यावं, तेव्हा किंमत घेणार नाही. शनिवारी सकाळी मी स्वतः दुकानात असते.