निवेदन दिलं, मग उत्तर काय आलं?

सक्करदरा चौकाच्या अलीकडे एक चहाठेला आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तिथे जमतो. आलूबोंडा, वरून चण्याची तर्री, मग चहा. आम्ही म्हणजे मी, एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला शिकवणारा; निवृत्त झालेले गुरुजी; कुही तालुक्यातल्या दोन शिक्षकी शाळेवर रोज नागपूरहून जाणारे कुहीवाले सर; आणि अध्यक्ष. अध्यक्ष एका शिक्षक संघटनेचे तालुक्याचे पदाधिकारी आहेत, पण नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

गेल्या शनिवारी कुहीवाल्या सरांनी बसायच्या आधीच फोन अध्यक्षांसमोर धरला.

"वाचा. तुमचाच मेसेज आहे, १ सप्टेंबरचा. 'कोणीही घाबरू नये, संघटना खंबीर आहे.' मी नाही घाबरलो. फॉर्मही नाही भरला."

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल आला होता. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर सेवा संपली, असा त्याचा अर्थ. कुहीवाले पन्नाशीचे, निवृत्तीला आठ वर्षं. राज्याची टीईटी, म्हणजे महाटीईटी, २३ नोव्हेंबर २०२५ ला झाली तेव्हा ते घरी होते. दोनच वर्षांची मुदत, त्यातली एक संधी एका ओळीच्या धीरावर गेली.

"आणि दुसऱ्या संघटनेनं काय टाकलं होतं, ठाऊक आहे?" गुरुजी म्हणाले. "'टीईटी नाही, त्या सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या.' माझा धाकटा भाऊ पंचावन्नचा. तीनच वर्षं राहिली त्याची. दोन दिवस घास गेला नाही त्याच्या घशाखाली. अरे, निकालातच लिहिलं होतं ना, पाच वर्षांपेक्षा कमी राहिले त्यांना टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येते, फक्त बढती मिळणार नाही. ही एक ओळ कोणी पाठवली नाही."

आमच्या शाळेत तर नववी-दहावीपुरतेच असलेले शिक्षकही त्या संध्याकाळी एकमेकांना फोन करत होते. टीईटीची अट शिक्षण हक्क कायद्यातून येते आणि तो कायदा आठवीपर्यंतचा आहे, हे सांगायलाही कोणी नव्हतं.

अध्यक्ष चिडले. "तुम्हाले सोपं वाटून राहिलं. निकाल आला तेव्हा मी वर्गावर होतो. निकाल इंग्रजीत, तोही जाडजूड. तासाभरात काही टाकलं नाही तर दुसरी संघटना टाकते. मग सभासदच विचारते, तुमची संघटना झोपून राहिली काय? वर्गणीची पावती फाडायला गेलो की हेच ऐकवते. मी काय पगारी माणूस आहे काय संघटनेचा? मलेही बीएलओची, म्हणजे मतदार याद्यांची, ड्युटी आहे, यू-डायसवर शाळेची माहिती भरायची आहे, पोषण आहाराचा हिशेब आहे."

हे खोटं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. पण निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर याद्या घेऊन हिंडवतात आणि माहिती भरायची पोर्टलं तर मोजता येत नाहीत. असा माणूस रात्री दहाला संघटनेचं काम करायला बसतो. मला त्याची कदर आहे, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं. पण घाईचं कारण मला पटलं नाही, तेही सांगितलं. शासन निर्णयावर सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ते पाहायला मिनिटही लागत नाही. तरी तीन वर्षांचा जुना शासन निर्णय 'आत्ताच आलेला' म्हणून आमच्या गटात फिरतो, आणि फिरवणारे पदाधिकारी असतात.

मग मी एका मॅडमची गोष्ट काढली. माझ्या ओळखीच्या या मॅडमना त्यांच्या संस्थेनं एका सोमवारी सांगितलं की उद्यापासून येऊ नका. त्यांनी शिक्षण विभागाकडे अर्ज दिले, दोन वेळा स्मरणपत्र दिलं, कुणी सांगितलं म्हणून एका पुढाऱ्यालाही भेटून आल्या. चार महिन्यांनी वकिलाकडे गेल्या तेव्हा वकिलानं पहिला प्रश्न विचारला, "इतके दिवस कुठे होता?" खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आहे. त्याच्या कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं ते ३० दिवसांत. मुदत गेली की आधी उशीर का झाला हे पटवून द्यावं लागतं, मग मूळ भांडण. मॅडम अकरा वर्षं एका संघटनेच्या सभासद होत्या. अकरा वर्षांत त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा न चुकता आल्या. ३० दिवसांचं कोणी सांगितलं नाही. त्या रडत नव्हत्या, हिशेब मांडल्यासारखं बोलत होत्या. मला ते अजून टोचतं.

"हे तर कायद्याच्या पुस्तकात आहे," अध्यक्ष म्हणाले.

"पुस्तक कुहीले कुठे मिळते?" कुहीवाले सर म्हणाले. "दोन शिक्षकी शाळा आहे माझी. एक जण रजेवर गेला की मी एकटा. विचारायचं कोणाले? खोलीत दुसरा शिक्षक नाही, बाजूला पोरं आणि समोर शेत. मोठ्या शाळेत एकाले नाही कळलं तर दुसऱ्याले कळते. संघटना खरी आम्हाले पाहिजे, अन् तिथेच ती पोचत नाही."

यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. ठेलेवाले भाऊ कप विसळता विसळता म्हणाले, "माह्या पोरीची शाळा ५ डिसेंबरले बंद होती. मले सकाळी तिनंच सांगितलं. काऊन बंद, ते तिलेही ठाऊक नाही. मले वाटलं पगारवाढ मागून राहिले असतील. संचमान्यतेनं शिक्षकच कमी होतील, असं कोणी बोललं असतं तर मी नसतो का आलो?"

भाऊंचं बोलणं फार मोलाचं होतं. त्या दिवशीचा बंद शिक्षकांच्या आंदोलनाचा होता. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांची शिक्षक पदं जातात, आणि त्यात पहिलं नुकसान त्यांच्या पोरीसारख्यांचं आहे. पण शिक्षकांनी ते शिक्षकांनाच सांगितलं, तेही अर्धं.

गुरुजींनी चहा संपवला आणि खरा घाव घातला. "अध्यक्ष, मी दर महिन्याले तुमचे फोटो पाहतो. निवेदन देताना. साहेब खुर्चीत, तुम्ही सहा जण कागदाला हात लावून उभे. निवेदन दिलं ते मले कळते. उत्तर काय आलं, ते एकदाही कळलं नाही."

"उत्तर येत नाही ना, गुरुजी."

"मग तसं लिहा."

"तसं लिहिलं तर लोक म्हणतील, संघटनेले कोणी विचारत नाही."

"ते आम्हाले आताच ठाऊक आहे," कुहीवाले म्हणाले. "तुम्ही सांगितलं तर निदान आम्ही सोबत येऊन बसू तिथं. लपवलं तर आम्हाले वाटते काम सुरू आहे."

माझंही मत हेच आहे. वाईट बातमी दडवणारी संघटना सभासदाला लहान पोरासारखं वागवते. आम्ही वर्गात पोरांना उत्तरपत्रिका दाखवतो, चूक कुठे झाली ते लाल शाईनं दाखवतो. मग आमच्याच बाबतीत फक्त शाबासकीचा शेरा कशाला?

अध्यक्षांनी खिशातली डायरी काढली. वर्षभरात दिलेल्या सात निवेदनांच्या तारखा त्यात होत्या. दोनांसमोर लेखी उत्तराचा जावक क्रमांक होता. बाकी पाचांसमोर कोरं होतं. त्यांनी ते पान आमच्याकडे फिरवलं, आणि लगेच मिटलं.

रात्री पावणेदहाला गटात त्यांचा मेसेज आला. टीईटी कोणाला लागू, कोणाला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून दोन वर्षं. पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन, प्रत्येकी १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के. बढतीचं काय, तेही होतं. खाली लिहिलं होतं, "यापेक्षा जास्त मला आज माहीत नाही. कळलं की कळवतो." कुहीवाल्या सरांनी लगेच तो त्यांच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांना पाठवला.

पाच कोऱ्या निवेदनांचं मात्र त्यात नव्हतं. येत्या शनिवारी मी पुन्हा विचारणार आहे.