पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक मोठा स्वागत समारंभ नको, आठ बुधवार द्या

नवं सत्र सुरू झालं की कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात विभागाविभागांत स्वागत समारंभाची तयारी लागते. फ्लेक्स, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय मनोगत, आभार. दोन तास जातात. शेवटी समोसा आणि चहा, आणि तोही ज्याच्यासोबत आलो त्याच्याशीच बोलत प्यायचा. गडहिंग्लजहून एम.एस्सी.ला आलेली मुलगी ज्या चार जणींना ओळखत होती, त्यांनाच ओळखून परत जाते. माझं स्पष्ट मत आहे, पदव्युत्तर आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी वर्षातला एक मोठा समारंभ बिनकामाचा असतो. त्याच पैशात आठ छोटे कट्टे होतात आणि ओळखी खऱ्या अर्थाने तिथे होतात. येत्या सत्राचं नियोजन अजून कागदावर आहे तोवर हे लिहून ठेवतो, कारण अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर.

पदवीच्या पोरांची गोष्ट वेगळी. त्यांना गॅदरिंग असतं, युवा महोत्सव असतो, तीन वर्षं एकच वर्ग असतो. एम.ए., एम.एस्सी.ला दोन वर्षं, त्यातलं पहिलं सत्र प्रवेशफेऱ्यांतच अर्धं संपतं. पीएच.डी.वाल्यांचं तर विचारूच नका. कोर्स वर्क आहे तोवर वर्ग तरी आहे. एकदा ते झालं की उरतात मार्गदर्शक, प्रयोगशाळा नाहीतर ग्रंथालयातली खुर्ची. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांची मुदत आहे. इतकी वर्षं शेजारच्या इमारतीत कोण काय करतंय हे कळत नाही, आणि शिवाजी विद्यापीठाचा परिसर एवढा पसरलेला की सहज जाता जाता भेट व्हावी असंही नाही.

आता वार. बुधवारच घ्या. सोमवारी श्रावणात निम्म्यांचा उपवास, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी अंबाबाईचा, शनिवारी मारुतीचा. शिवाय शुक्रवारी दुपारनंतर गावाकडची मंडळी पिशवी भरून स्टँडकडे निघालेली असतात. उपवास नाही आणि गावी जायची घाई नाही असा कोल्हापुरात एकच वार सापडतो. (बुधवार हा मटणाचाही वार आहे, त्यामुळे मेसमध्ये तांबडा-पांढरा रस्सा असेल तर सातनंतर तुमच्या कट्ट्यावर कुत्रंही थांबणार नाही, हे लक्षात ठेवा.)

वेळ साडेचार ते सहा. सहा म्हणजे सहा. संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा कार्यक्रम म्हणजे रोज ये-जा करणाऱ्यांना दिलेला नकार असतो. निपाणी, गारगोटी, इचलकरंजी, वडगावहून येणाऱ्यांना केएमटीच्या शहर बसने सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा रंकाळा स्टँड गाठायचा असतो, तिथून पुढची एसटी. मुलींना वसतिगृहाच्या गेटची वेळ. दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेतली पोरं रिअ‍ॅक्शन अर्धी टाकून साडेचारला येऊ शकत नाहीत. म्हणून पहिला अर्धा तास कोणीही कधीही यावं असा मोकळा ठेवायचा, खाणं बरोबर पाचला काढायचं. उशिरा आलेल्याला काही चुकल्यासारखं वाटता कामा नये.

तारखा ठरवताना पंचांग आणि पंचगंगा दोन्ही बघावं लागतं. जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्टचा पहिला, या काळात बाहेरगावची माणसं यावी लागतील असं काही ठेवूच नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 39 कडे सरकायला लागलं की कार्यक्रम रद्द, चर्चा नको. तोवर आतले रस्ते एकेक करून बंद व्हायला लागलेले असतात आणि कट्ट्याला आलेला माणूस रात्री परत जाऊ शकेलच याची हमी नसते. पहिला कट्टा 15 ऑगस्टनंतरच्या बुधवारी. गणपतीच्या दिवसांत काही नको, पोरं मंडळात असतात. त्यानंतरचा पितृपंधरवडा मात्र सोन्यासारखा. उद्घाटनं, सत्कार, शुभारंभ सगळं थांबलेलं, त्यामुळे हॉल मागितला की मिळतो. तिथे दोन बुधवार बसवा. नवरात्र-दसरा सोडा. दिवाळीनंतर एक, विद्यापीठाचा वर्धापन दिन 18 नोव्हेंबरला असतो, त्याच्या आसपास. मग परीक्षा. उरलेले चार जानेवारी-फेब्रुवारीत. असे आठ होतात. आठही तारखा पहिल्याच दिवशी जाहीर करायच्या. ‘पुढची तारीख ग्रुपवर कळवू’ म्हटलं की तो कट्टा मेला म्हणून समजा.

परवानगीचा अर्ज दहा दिवस आधी. विभागप्रमुखांमार्फत, विद्यार्थी विकास विभागाकडे. अर्जात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, कोणती जागा, माईक लागणार की नाही, खाणं बाहेरून येणार की कॅन्टीनमधून, आणि जबाबदार दोन विद्यार्थ्यांची नावं. तीन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून आपल्याकडे ठेवा. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या ओळीवर. तिथे ‘गप्पा’ लिहिलं तर शंका घेतली जाते. ‘आंतरविभागीय संशोधन संवाद’ लिहा, खोटंही नाही. आठही तारखांचा एकच अर्ज द्या, आठ वेळा जिने चढू नका. आणि ज्या मामांच्या हातात हॉलची किल्ली असते त्यांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन भेटा. शिक्का मारलेला कागद कुलूप उघडत नाही. पावसात पत्र्याचं छप्पर असलेला हॉल घेऊ नका, सर आली की शेजारच्याचं ऐकू येत नाही. दाराशी दोन रिकाम्या बादल्या छत्र्यांसाठी ठेवा, नाहीतर फरशी ओली होते आणि कोणीतरी आपटतं.

बसण्याची व्यवस्था हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि त्याचाच कोणी विचार करत नाही. खुर्च्यांच्या रांगा लावल्या की झाला वर्ग. सहा-सहा खुर्च्यांची दहा कोंडाळी करा. आणि कृपा करून साठ जणांची उभं राहून ओळख करून घेऊ नका. प्रत्येकी एक मिनिट धरलं तरी तास संपतो, आणि विसाव्या माणसानंतर कोणी ऐकत नसतं. त्याऐवजी दारात आलेल्या क्रमाने 1 ते 10 आकडे देत जायचं, दहा झाले की पुन्हा एकपासून. जे एकत्र येतात ते मित्रच असतात, त्यामुळे ते आपोआप वेगळ्या कोंडाळ्यांत पडतात. चिठ्ठ्या देऊ नका, पोरं अदलाबदल करतात. छातीवर लावायच्या कागदी पट्टीवर मार्करने जाड अक्षरात आकडा लिहायचा. त्याच पट्टीवर नाव आणि तालुका. आडनाव नाही. हे मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे आडनाव कळलं की पुढचं सगळं समोरच्याने मनात लिहून टाकलेलं असतं. ‘सुप्रिया, जत’ एवढं पुरतं.

वीस मिनिटांनी कोंडाळं बदलायचं, दीड तासात तीनदा. बदलतानाही गोंधळ होतो, सगळे एकदम उठतात आणि पुन्हा आपल्या माणसाशेजारी जाऊन बसतात. म्हणून अर्धेच हलवायचे. तिघे जागेवर, तिघे पुढच्या आकड्याकडे. पुढच्या वेळी आधी बसून राहिलेल्यांनी उठायचं, पण मागच्या आकड्याकडे जायचं, नाहीतर पहिलंच कोंडाळं पुन्हा जमतं. बोलायला विषय देताना ‘तुमचं संशोधन काय’ असं विचारू नका, समोरचा प्रबंधाचं शीर्षक म्हणून दाखवतो आणि संवाद संपतो. ‘या आठवड्यात काय अडलंय?’ एवढं विचारा. एकाचं उपकरण बंद असतं, एकीला इंग्रजीतला गोषवारा तपासून हवा असतो, कोणाची खोली सुटलेली असते.

यासाठी भिंतीवर दोन मोठे ड्रॉइंग पेपर चिकटवा. एकावर ‘हवंय’, दुसऱ्यावर ‘देऊ शकतो’. सेट-नेटच्या जुन्या नोट्स, आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची मदत, रोज कागलला जाणाऱ्या गाडीवर मागची सीट, मोडी वाचून देणारं माणूस. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी येते आणि रसायनशास्त्रातल्याच्या घरात आजोबांचे मोडी कागद धूळ खात असतात, ही गाठ एरवी पडणार कुठे? कार्यक्रम संपला की कागदांचा फोटो काढून ग्रुपवर टाका, पण मोबाइल नंबर भिंतीवर लिहू देऊ नका, विशेषतः मुलींना. नाव आणि विभाग पुरे.

प्राध्यापकांना बोलवायचं का? माझं उत्तर, पहिल्या दोन कट्ट्यांना नाही. राग येईल काहींना, पण मार्गदर्शक कोंडाळ्यात बसले की विद्यार्थी अडलेलं काही सांगत नाही, सगळं छान चाललंय म्हणतो. तिसऱ्या वेळेपासून पाचच्या चहाला यावं, खुर्ची वेगळी मांडू नये.

खाणं. समोसे मागवू नका, थंड होतात, तेल सुटतं आणि माणशी खर्च दुप्पट. साठ जणांना चहा आणि भडंग पुष्कळ. चहाचं प्रमाण: 90 मिलीचे साठ कप म्हणजे साडेपाच लिटरच्या आसपास, आटणं धरून सव्वातीन लिटर दूध, तेवढंच पाणी, 600 ते 700 ग्रॅम साखर, 175 ग्रॅम पावडर, 75 ग्रॅम आलं. आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यायचं, दूध वेगळं तापवून मागून घालायचं. कच्चं आलं थेट दुधात पडलं की दूध फाटण्याची भीती, आणि सहा लिटर फाटलेला चहा कुठे ओतणार? हॉलमध्ये शेगडी पेटवू नका. कॅन्टीनमधूनच करून घ्या, पण प्रमाण आपण सांगा, नाहीतर गोड गरम पाणी येतं. पाच-पाच लिटरचे दोन थर्मास लागतात.

भडंगाला दोन किलो चुरमुरे, 600 ग्रॅम शेंगदाणे, 400 मिली तेल, दोन गड्डे लसूण, कढीपत्ता. पावसाळ्यात चुरमुरे आधी मंद आचेवर कोरडे गरम करून घ्या, बोटांत चुरडून कुरकुरीत तुटले पाहिजेत. फोडणीत तिखट घालायचं ते गॅस बंद केल्यावर, नाहीतर करपतं आणि सगळ्यांना ठसका. दीड किलो कांदा, तेवढेच टोमॅटो आणि कोथिंबीर वेगळी ठेवा आणि पंधरा-पंधरा जणांपुरतं कालवा, एकदम कालवलं तर शेवटच्याला लगदा मिळतो. आणि फोडणी देण्याआधी अर्धा किलो चुरमुरे बाजूला काढून बिनलसणाची वेगळी फोडणी द्या. जैन विद्यार्थी आपल्याकडे भरपूर आहेत, चातुर्मासात तर कांदा-लसूण न खाणारे वाढतात. त्या डब्याला वेगळा चमचा आणि वर चिठ्ठी, म्हणजे कोणाला विचारत फिरावं लागत नाही.

हे सगळं हजाराच्या आत बसतं, माणशी पंधरा-सोळा रुपये. दाराशी डबा ठेवा, वीस रुपये टाकायचे, ज्याला जमेल त्याने. कोणी टाकले, कोणी नाही याची यादी ग्रुपवर टाकायची नाही. फेलोशिपचा हप्ता लांबला की वीस रुपयेही मोजून खर्च होतात, आणि यादीत नाव नसलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही. संख्येचा अंदाज घेताना ग्रुपवर शंभर अंगठे आले तर साठ माणसं धरा, पाऊस असेल तर पन्नास.

निरोप असा असावा: ‘बुधवार, साडेचार ते सहा. अमुक इमारत, तळमजला, मागचं दार. भाषण नाही. चहा आणि भडंग. एकट्याने आलात तरी चालेल. पाचनंतर आलात तरी चालेल.’ शेवटची दोन वाक्यं गाळू नका, अर्धी माणसं त्यावर येतात. ग्रुपवर टाकून भागत नाही, कागदावर छापून मेसच्या हात धुण्याच्या जागी आणि खर्डेकर ग्रंथालयाच्या दाराशी लावा.

नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारे सातारा-सांगलीकडचे प्राध्यापक बुधवारी येणार नाहीत. ते येतात प्रगती अहवालाला आणि सल्लागार समितीपुढच्या सादरीकरणाला. ज्या आठवड्यात सादरीकरणं असतील तेव्हा दुपारी दीडला, जेवणाच्या सुट्टीत, डबा घेऊन एकत्र बसायचं ठेवा. त्याला हॉल लागत नाही, झाड पुरतं.

सहली थोडक्यात. पन्हाळा-पावनखिंड पावसात करायची हौस सगळ्यांना असते, पण चिखल, जळवा आणि दोन दिवसांची चाल ही पहिल्या ओळखीची जागा नव्हे. त्यापेक्षा टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय घ्या. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू तिथे आहेत, समुद्रदेव पोसायडनची ती रोमन काळातली छोटी कांस्यमूर्तीसुद्धा. इतिहासवाल्याने व्यापार सांगावा, रसायनवाल्याने धातू. तिथून चालत दसरा चौकात या आणि बोर्डिंगच्या इमारती बघा. 1901 पासून शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, कारण शिकणाऱ्याला आधी राहायला आणि जेवायला लागतं. आज भाड्याची खोली शोधणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. पंधरापेक्षा जास्त जण नेऊ नका, संग्रहालयात मागच्याला काही ऐकू येत नाही.

शेवटचा कट्टा फेब्रुवारीत, आणि इथे मात्र बुधवारचा हट्ट सोडा. 27 ला मराठी भाषा गौरव दिन, 28 ला विज्ञान दिन. दोन्ही वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या बॅनरखाली होतात, एकमेकांकडे कोणी फिरकत नाही. 27 च्या संध्याकाळी विज्ञान शाखेच्या आठ संशोधकांनी आपलं काम मराठीत सांगावं, प्रत्येकी पाच मिनिटं, पडदा-प्रोजेक्टर नाही, फळा आणि खडू. ऐकायला भाषा आणि सामाजिक शास्त्रांची मंडळी. तालीम आठवडाभर आधी एकदा, मराठीच्या विद्यार्थ्यासमोर, आणि जिथे त्याला कळलं नाही तिथे खडूने खूण करायची. आठापेक्षा जास्त वक्ते घेऊ नका, प्रत्येकाची पाचाची सात मिनिटं होतातच. 28 ला भाषावाल्यांनी प्रयोगशाळा बघायला जायचं, दहा-दहाच्या गटात, पायांत बंद बूट. चप्पल घालून आलेल्याला आत सोडत नाहीत, हे निरोपातच लिहा.